गव्हाचें पथ्य व प्रभुभोजनाची पंगत

पथ्य नीट सांभाळलें तर औषधाचें काम नाहीं आणि पथ्य मोडलें तर औषधाचा उपयोग नाहीं, अशा अर्थाचें बोलणें आपल्या जुन्या वैद्यमंडळींच्या तोंडीं नेहमीं असे. नवशिक्षित गृहस्थ तें ऐकून हंसतो आणि गोळ्यांची बाटली मागतो. परंतु असा एक पोटाचा रोग आहे कीं, ज्याच्यापुढें आजच्या अत्यंत पुढारलेल्या डॉक्टरासहि त्या वैद्याचेंच म्हणणें अक्षरशः मान्य करावें लागतें. त्याचें नांव सीलिॲक. त्यावर गोळी नाहीं, सुई नाहीं, शस्त्रक्रिया नाहीं. गहूं, जव आणि राय नांवाचें विलायती धान्य, या तिहींस जन्मभर तोंड न लावणें हा त्यावरील एकमेव उपाय. आणि हा उपाय रोग्याच्या हातीं थोडा व त्यास जेवूं घालणारांच्या हातीं फार. म्हणूनच वैद्यकाचा हा विषय आम्ही आज समाजसुधारणेच्या रकान्यांत घेत आहों.

यांत ख्रिस्ती समाजाचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, त्या समाजाच्या उपासनेच्या ऐन मध्यावर गव्हाची भाकर ठेविलेली आहे. मरणाच्या आदल्या रात्रीं येशू ख्रिस्तानें शिष्यांबरोबर भोजन केलें व भाकर मोडून वांटली, या श्रद्धेवर प्रभुभोजनाचा विधि उभा आहे. रोमन कॅथलिक पंथांत तर ही भाकर नुसती स्मरणाची खूण नव्हे. विधीनें ती ख्रिस्ताचें शरीरच होते, असें त्यांचे मत आहे. ती खाणें म्हणजे देवाशीं आणि त्याच वेळीं शेजारीं उभ्या असलेल्या सर्वांशीं एक होणें. अशा समाजांत जन्मलेल्या व या रोगानें ग्रासलेल्या मनुष्यापुढें दर रविवारीं पेंच उभा राहतो कीं, जें आत्म्याचें अन्न तेंच आतड्यांचें विष. हा पेंच त्या लोकांनीं कसा सोडविला, कोठें ते अडखळले आणि कोठें शाबासकीस पात्र झाले, हें पाहण्यासारखें आहे. कारण पंगतींत कोणास बसवावें व कोणास वगळावें हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं.

प्रथम रोगाची हकीकत सांगूं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ॲरेटियस नांवाच्या ग्रीक वैद्यानें अन्न न पचतां तसेंच बाहेर टाकणाऱ्या रोग्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. त्यानंतर दीर्घकाळ या विषयावर फारसें कोणी बोललें नाहीं. १८८८ सालीं लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनीं लहान मुलांमध्यें आढळणाऱ्या या रोगाचें नेमकें वर्णन केलें : हातपाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखें, शौच पातळ, फिकट व दुर्गंधियुक्त, आणि मूल वाढतच नाहीं. बरें होणें असेल तर तें आहारानेंच होईल, हेंहि त्यांनीं ताडलें. पण कोणत्या आहारानें, तें त्यांस उमगलें नाहीं. एका मुलास हॉलंडांतील उत्तम शिंपल्यांचें मांस रोज दिलें, तेव्हां तें भराभर सुधारलें. हंगाम संपतांच पुन्हां ढांसळलें. आणि दुसऱ्या हंगामांत मूल त्या आहारास कांहीं केल्या राजी होईना! पुढें १९२४ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनीं केळ्यांचा आहार सांगितला व कित्येक मुलें त्यावर जगलीं. आमच्या जळगांवकर मित्रांस हें वाचून आनंद होईल. परंतु गुण केळ्याचा नव्हता. केळीं खाणाऱ्या मुलांच्या ताटांतून पाव उठला होता, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

तें ध्यानांत आणून देण्याचें श्रेय डॉ. विलेम डिके यांचें. हे हॉलंडांतील हेग शहरीं मुलांच्या इस्पितळाचे प्रमुख होते. गहूं काढून टाकल्यास हीं मुलें सुधारतात असा संशय त्यांस युद्धापूर्वींच आला होता, आणि १९४१ सालीं त्यांनीं तसें लिहिलेंहि होतें. त्यांच्या मतास जो पुरावा मिळाला तो मात्र कोणाहि शास्त्रज्ञानें मागून घेऊं नये असा होता. १९४४ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडाची रसद तोडली. कालवे गोठले, बाजार ओस पडले, लोक ट्यूलिप फुलांचे कांदे उकडून खाऊं लागले. भुकेनें सुमारें वीस हजार माणसें मेलीं. अशा काळांत सारें शहर खंगत असतां सीलिॲकचीं मुलें मात्र सुधारूं लागलीं, कारण पाव कोठेंच नव्हता. युद्ध संपून पाव परत आला आणि त्याबरोबर त्यांचा रोगहि परत आला. डिके यांनीं हें सारें १९५० सालीं उट्रेक्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत मांडलें. नंतर व्हान डे कामर व वायर्स या सहकाऱ्यांसह त्यांनीं दाखवून दिलें कीं, गव्हांतील पांढरें सत्त्व निरुपद्रवी असून सारा अपाय त्यांतील चिवट अंशाचा आहे. गव्हाचे असे दोन भाग पडतात, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें एका मठाच्या स्वयंपाकघरांत तिचें काम पडणार आहे.

हा चिवट अंश ज्यास पाहावयाचा असेल त्यानें कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं धरून हळूहळू चोळावा. दुधासारखें पाणी वाहून जातें आणि हातांत रबरासारखा करडा गोळा उरतो. हेंच ग्लूटेन. पाव फुगतो, घडीच्या पोळीचे पदर सुटतात, शेवया लांब निघतात, तें याच्याच बळावर. ज्वारी-बाजरींत तो नाहीं. म्हणून आमच्या बायका भाकरी लाटीत नाहींत, थापतात. ज्यांच्या अंगांत जन्मतः तशी प्रवृत्ति आहे, त्यांपैकीं कांहींच्या शरीराची संरक्षक शक्ति या ग्लूटेनास शत्रू समजून उठते आणि लढतां लढतां स्वतःच्याच आतड्यावर हत्यार चालविते. लहान आतड्याच्या आंतल्या अंगास मखमलीच्या लवेसारखे जे रसांकुर असतात व जे अन्नाचा रस शोषून घेतात, ते झडून सपाट होतात. मग कितीहि दूधतूप घाला, तें अंगीं लागत नाहीं. कोणास वर्षानुवर्षें ढाळ होतात; कोणास ढाळ नसून नुसता पांडुरोग असतो आणि लोहाच्या गोळ्या गिळूनहि रक्त भरत नाहीं; कोणाची मुलगी वर्गांत सर्वांत बुटकी राहते; कोणाचीं हाडें ठिसूळ होतात.

आशेची बाजू अशी कीं, झडलेले रसांकुर पुन्हां उगवतात. पथ्य कडक ठेवल्यास बहुतेकांस कांहीं आठवड्यांत बरें वाटूं लागतें. आंतील जखम पुरती भरावयास मुलांस थोडे महिने व प्रौढांस कधीं दोन वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मात्र हें बरें होणें उसनें आहे. पथ्य सुटलें कीं रोग वसुलीस येतो. किती सुटलें म्हणजे सुटलें? २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन कांहीं महिने पोटांत गेल्यास आतड्यास इजा होते असें दिसून आलें. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पावाचा चिमूटभर चुरा. दिवसास १० मिलिग्रॅमपर्यंत बहुधा बाधत नाहीं, असें तज्ज्ञ धरून चालतात.

आपल्या देशांत हा गोऱ्या लोकांचा रोग समजला जात असे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनें तो भ्रम दूर केला. उत्तर भारतांत शंभरांत १.२३, ईशान्येकडे ०.८७ आणि दक्षिणेंत ०.१० इतक्या लोकांस हा रोग आढळला. रोगाची अनुवंशिक प्रवृत्ति तिन्ही ठिकाणीं जवळजवळ सारखी होती. परंतु उत्तरेंत माणशीं रोज ४५५ ग्रॅम गहूं खपत होता आणि दक्षिणेंत अवघा २५. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्यें. आमच्या आजोबांच्या काळीं देशावर ज्वारी-बाजरी, कोंकणांत तांदूळ-नाचणी, आणि पोळी सणावारीं. आतां शहरांत सकाळीं पाव, दुपारीं पोळी, संध्याकाळीं बिस्किट व रात्रीं पुन्हां पोळी. तेव्हां जुनाट संग्रहणी म्हणून ज्यांच्यावर वर्षानुवर्षें काढे आणि पुड्या चालल्या आहेत, त्यांपैकीं कोणास हाच रोग असल्यास नवल नाहीं. पण कोणीं आपल्याच मनानें गहूं सोडूं नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आधीं गहूं सोडून मग रक्त तपासलें तर तपासणींत रोग सांपडत नाहीं. प्रथम रक्ताची परीक्षा, मग नळी घालून आतड्याच्या तुकड्याची परीक्षा, आणि त्यानंतर पथ्य, असा क्रम आहे. रसांकुर सपाट करणारे दुसरेहि रोग आहेत. उष्ण प्रदेशांतील स्प्रू नांवाचा रोग असाच दिसतो, पण तो औषधानें बरा होतो. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं ज्याचें बीज लाविलें, त्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय संस्थेनें या स्प्रूचा अभ्यास करण्यांत अनेक वर्षें वेंचलीं, हें येथें कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे.

आतां मूळ पेंचाकडे येऊं. कॅथलिक धर्मसंस्थेचा कायदा असा कीं, प्रभुभोजनाची भाकर केवळ गव्हाचीच असावी. १९८३ च्या धर्मविधानांत तो ९२४ व्या कलमांत आहे. तांदळाची, ज्वारीची, मक्याची भाकर कितीहि भक्तीनें ठेविली तरी तिनें विधि सिद्ध होत नाहीं. अमेरिकेंत २००४ सालीं अशा रोगानें पीडित असलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीनें तांदळाच्या चकतीवर आपला पहिला प्रभुभोजनविधि केला, आणि धर्माधिकाऱ्यांनीं तो विधि झालाच नाहीं असें जाहीर केलें. वृत्तपत्रांत गवगवा झाला. ज्या मुलीनें पांढरा झगा घालून महिनोन्‌महिने त्या दिवसाची वाट पाहिली, तिला कायद्याचें कलम काय समजावें?

त्याहून कठोर गोष्ट त्यापूर्वीं घडली होती. १९९५ च्या जून महिन्यांत रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाचे अध्यक्ष कार्डिनल रॅट्झिंगर, जे पुढें सोळावे बेनेडिक्ट या नांवानें पोप झाले, यांनीं जगांतील सर्व बिशपमंडळांस पत्र पाठविलें. त्यांत कमी ग्लूटेनाची गव्हाची चकती चालेल अशी मोकळीक होती. पण सीलिॲकचा रोग असलेल्या तरुणास पुरोहितपदाची दीक्षा देऊं नये, असेंहि होतें. पुरोहिताच्या जीवनांत हा विधि केंद्रस्थानीं असतो, म्हणून हा निर्बंध, असें कारण दिलें. कारण कसेंहि असो, ज्यांत रोग्याचा तिळमात्र अपराध नाहीं अशा आतड्याच्या दोषावरून मनुष्यास देवाच्या सेवेंतून वगळणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. २००३ च्या जुलैंत त्याच मंडळानें हा निर्बंध शिथिल केला व दीक्षा देतांना मोठी सावधगिरी बाळगावी एवढेंच म्हटलें. आठ वर्षांनीं कां होईना, दार किलकिलें झालें.

परंतु या प्रकरणांत आम्हांस खरा मान द्यावासा वाटतो तो पत्रें लिहिणारांस नव्हे, तर पीठ मळणारांस. अमेरिकेच्या मिसूरी राज्यांत क्लाइड नांवाच्या खेड्यांत बेनेडिक्टाईन भगिनींचा मठ आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तेथें प्रभुभोजनाच्या चकत्या भाजण्याचा उद्योग चालत आला आहे. देशांतील रोग्यांचीं पत्रें मठांत येत : आम्हांस खातां येईल अशी चकती तुमच्याजवळ आहे काय? नव्हती. तेव्हां दोन भगिनींनीं ती करण्याचें मनावर घेतलें. अडचण अशी कीं, गव्हाचा चिवट अंश धुऊन काढावा तर पीठ सांधत नाहीं, चकती भाजतांना भुगा होते. आणि सांधण्यासाठीं दुसरें कांहीं मिसळावें तर ती निव्वळ गव्हाची राहत नाहीं व कायदा आड येतो. गहूं आणि पाणी, याखेरीज तिसरा पदार्थ नाहीं. सुमारें दहा वर्षें प्रयोग चालले. बहुतेक प्रयत्न फुकट गेले. अखेरीस गव्हाच्या सत्त्वापासून चकती साधली. तींत ग्लूटेन शेंकडा ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक भाग. एवढ्या लहान चकतींत तें एका मिलिग्रॅमचा विसावा भागहि भरत नाहीं. दिवसाच्या १० मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढें तें कांहींच नव्हे. २००३ सालीं तिला धर्माधिकाऱ्यांची संमति मिळाली, आणि त्यानंतर ती देशभर जाऊं लागली.

आमच्या वाचक भगिनींस ही युक्ति अगदींच परकी वाटणार नाहीं. कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून त्या चीक काढितात, तो या सत्त्वाचाच घरगुती भाऊ. (परंतु घरच्या चिकांत ग्लूटेन पुष्कळ राहतें, तेव्हां या लेखाच्या भरंवशावर कोणीं रोग्यास कुरडई वाढूं नये.) या भगिनींनीं नियम मोडला नाहीं, रोग्यासहि सोडलें नाहीं, दोहोंच्या मध्यें जी केसाएवढी फट होती तींतून दहा वर्षांच्या चिकाटीनें वाट काढली. सुधारणेच्या कामांत मोठमोठीं व्याख्यानें देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या घासावर वाद चालला आहे तो घासच नव्यानें घडवूं, असें म्हणणारे थोडे.

ज्यांस तेवढा अंशहि सोसत नाहीं त्यांस नुसता द्राक्षारस घेऊन विधींत सामील होतां येतें, व कॅथलिक मतें तेवढ्यानें विधि पूर्ण होतो. तेथेंहि खांचाखोंचा आहेत. पुरोहित विधीच्या वेळीं भाकरीचा एक तुकडा मुख्य प्याल्यांत टाकतो. शिवाय एकाच प्याल्यास ओठ लावणारांच्या तोंडांतील कण त्यांत पडतात. म्हणून रोग्याचा प्याला निराळा ठेवावा लागतो. चकतीहि निराळ्या डबींत ठेवावी, आणि ज्या हातानें शेंकडों चकत्या वांटल्या त्या हातानें ती उचलूं नये. ज्या मंडळींत हें सर्व व्यवस्थित चालतें तेथें रोगी कोणाच्या डोळ्यांत न येतां सर्वांबरोबर जाऊन येतो. जेथें चालत नाहीं तेथें त्याला दर रविवारीं पुरोहितापुढें जाऊन आपल्या पोटाची कहाणी सांगावी लागते, आणि कांहीं दिवसांनीं तो यावयाचा थांबतो. प्रॉटेस्टंट पंथांपैकीं पुष्कळांस गव्हाचा असा कडक निर्बंध नाहीं. त्यांच्या कित्येक मंडळ्यांनीं तर सरळ सर्वांसाठींच तांदळाची किंवा अन्य ग्लूटेनरहित भाकर ठेविली, म्हणजे निराळी डबी नको, निराळा हात नको, कोणी निराळा नाहींच. आमच्या मनास ही रीत अधिक रुचते. २०१७ सालीं रोमहून कार्डिनल सारा यांच्या सहीनें पुन्हां पत्र निघालें व जुनाच नियम दृढ करण्यांत आला : ग्लूटेन अजिबात नसलेली चकती नाहीं, कमी असलेली चालेल. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. बाहेरच्यानें त्यांत किती बोलावें यास मर्यादा आहे. मात्र बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनीं या पवित्र अन्नास पाव किंवा पोळी न म्हणतां भाकर हाच शब्द वापरला, हें आम्हांस येथें आठवतें. दख्खनच्या मनुष्याच्या कानीं तो शब्द पडला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें ज्वारीच उभी राहते.

उपासनेइतकाच उपासनेनंतरचा तास महत्त्वाचा आहे. विलायतेंत आणि अमेरिकेंत विधि आटोपल्यावर मंडळीचा चहा असतो, सणाच्या दिवशीं घरोघरचे पदार्थ आणून एकत्र जेवण असतें. तेथें केक, बिस्किटें, पावाचे काप, पिठानें दाट केलेलें सार, सर्वांत गहूं. कोणी दुष्टपणानें करीत नाहीं, पण रोगी भिंतीशीं रिकामा पेला घेऊन उभा राहतो. जेथें मंडळीनें हें मनावर घेतलें, तेथें रोग्याचें ताट आधीं वाढलें जातें, त्याच्या भांड्यांत दुसऱ्या भांड्यांतला चमचा जात नाहीं, प्रत्येक पदार्थावर त्यांत काय आहे ही चिठ्ठी लाविली जाते. कामें क्षुल्लक आहेत. पण नव्यानें रोग समजलेला मनुष्य पहिल्या वर्षीं पथ्यावर टिकतो कीं कंटाळून मोडतो, हें पुष्कळदां याच कामांवर ठरतें. आमच्या गोव्यांतील व वसईकडील ख्रिस्ती बंधूंचें या बाबतींत नशीब चांगलें. पाव, फुगे, नेवऱ्या व बेबिंका वर्ज्य झाल्या, तरी तांदळाचीं सान्नां, तांदळाची भाकर आणि दोदोल हे त्यांचे जुने सणाचे पदार्थ रोग्यास मोकळे आहेत. तेवढेच पदार्थ पानांत थोडे पुढें सरकविले म्हणजे झालें. करिंथ येथील मंडळींत कांहींजण पोटभर जेवीत व कांहीं उपाशी राहत, म्हणून संत पौलानें त्यांस पत्र लिहून खडसावलें होतें. म्हणजे पंक्तिभेदाची तक्रार या धर्मांत त्याच्या पहिल्या पिढीपासून आहे.

आणि आपल्याकडे? १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणारास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन तुटल्याची ती खूण. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनच्या घरीं चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालें व प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. ज्या महाराष्ट्रांत पाव खाणें हें धाडस होतें, त्याच महाराष्ट्रांत आज पाव नाकारणें हें धाडस झालें आहे! कारण नाकारणाराचें कोणी ऐकत नाहीं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा; तो नको म्हटला तर देवाचा अपमान. लग्नांत विहीणबाई जिलबीचा आग्रह करितात. नको म्हटलें तर घराण्याचा अपमान. नव्या सुनेनें पोळी बाजूस सारली तर माहेरचे नखरे. एका घासानें काय होतें, हा प्रश्न आपल्या आतिथ्याच्या तोंडांत पाठ बसला आहे. त्याचें उत्तर वर आम्ही मिलिग्रॅमांत दिलें आहे. रव्याऐवजीं वऱ्याच्या तांदळाचा किंवा राजगिऱ्याचा शिरा केल्यानें सत्यनारायण कोपतो, असें कोणत्याहि पोथींत आम्हांस आढळलें नाहीं. उपवासाच्या दिवशीं तर आपण सारेच नकळत हें पथ्य पाळतों.

शेवटीं दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांसाठीं. कारण रोग्याचें ताट सजतें तें घरांत, पण भरतें बाजारांत. बाजारांत जो हिंग खडा किंवा पूड म्हणून मिळतो, त्यांत खरा हिंग थोडा असून त्यास बांधण्यासाठीं बहुधा मैदा किंवा गव्हाचें पीठ घातलेलें असतें. वरणावर चिमूटभर हिंग पडला कीं वरण रोग्यास गेलें. तांदळाच्या पिठानें किंवा डिंकानें बांधलेला हिंग करतां येतो व कांहीं कारखानदार तो करितातहि. त्यावर ठळक अक्षरांत तसें छापावें. वेष्टनावर ग्लूटेनरहित असें लिहावयाचें तर मालांत दहा लाखांत २० भागांहून अधिक ग्लूटेन असतां नये, असा नियम आपल्याकडेहि आहे. तो नुसता शिक्का मारून पाळला जात नाहीं, माल तपासावा लागतो. थालिपिठाची भाजणी, सातूचें पीठ, मसाल्यांच्या पुड्या, यांत गहूं आहे कीं नाहीं हें विचारणारास वाण्यानें वैतागून उत्तर देऊं नये.

आणि पिठाची गिरणी. रोग्याच्या घरची माणसें निवडून-पाखडून ज्वारी दळावयास नेतात आणि ज्या दगडांतून आतांच दहा पायली गहूं गेला त्याच दगडांतून ती दळून आणतात. पांढऱ्या पिठांत पांढरें पीठ मिसळतें, डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं, आणि पथ्य पाळूनहि पोट कां बिघडतें म्हणून घरांत सारे बुचकळ्यांत पडतात. सकाळचें पहिलें दळण आपलें असावें, अशी कित्येक घरीं समजूत आहे. पण रात्रीं गहूं दळलेल्या चक्कींत सकाळीं त्याचें पीठ असतेंच, आणि गिरणींत उडणारी भुकटीहि गव्हाचीच असते. घरघंटी घेण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांनीं ती घ्यावी. इतरांसाठीं प्रत्येक पेठेंतील एखाद्या गिरणीवाल्यानें एक चक्की व एक चाळण ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांपुरती राखावी, ती गव्हाच्या चक्कीपासून दूर, शक्य तर निराळ्या खोलींत बसवावी, आणि दारावर तशी पाटी लावावी. दळणाचा दर एक-दोन रुपयांनीं अधिक घेतला तरी गिऱ्हाईक तक्रार करणार नाहीं. अशी गिरणी कोणीं सुरू केल्यास तिचा पत्ता आम्हांस कळवावा. या रकान्यांत तो आम्ही विनामूल्य छापूं.